टाइप २ मधुमेहात वजन आणि हृदय: किती किलो, यापेक्षा चरबी कुठे?

२००१ साली अमेरिकेत 'लुक अहेड' नावाचा एक मोठा प्रयोग सुरू झाला. टाइप २ मधुमेह असलेले आणि वजन जास्त असलेले ५,१४५ लोक त्यात होते. निम्म्यांना मधुमेहाबद्दलची नेहमीची माहिती आणि सल्ला मिळाला. उरलेल्या निम्म्यांच्या मागे आहारतज्ज्ञ, व्यायामाचे प्रशिक्षक आणि नियमित बैठका असा सगळा लवाजमा होता. मोजून खायचं आणि आठवड्याला १७५ मिनिटं व्यायाम करायचा. लोकांनी ते मनापासून केलं. पहिल्या वर्षात सरासरी ८.६ टक्के वजन उतरलं, शुगर उतरली, बीपी उतरलं, औषधं कमी झाली. पण ज्याच्यासाठी हा खटाटोप होता, ते हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच निघाले. साडेनऊ-दहा वर्षं वाट पाहून २०१२ मध्ये हा प्रयोग थांबवला गेला.

म्हणजे वजन उतरवण्याचा हृदयाला उपयोग नाही? तेव्हा असे मथळे आलेही होते. दुसऱ्या बाजूला, मधुमेही माणूस डॉक्टरांकडून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या डोक्यात एकच वाक्य उरलेलं असतं: 'वजन कमी करा.' दोन्ही गोष्टी अर्धवट आहेत. वजनाचा आणि हृदयाचा संबंध नक्की आहे, पण तो किलोंमधून सरळ जात नाही. वाटेत यकृत लागतं, रक्तदाब लागतो, कोलेस्टेरॉल लागतं, आणि चरबी शरीरात नेमकी कुठे जाऊन बसली आहे हा प्रश्न लागतो.

मुळात मधुमेह आणि हृदयविकार इतके जोडीने का येतात? वय, बीपी, धूम्रपान या सगळ्याचा हिशेब वगळला तरी मधुमेह असलेल्या माणसाला हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. स्त्रियांमध्ये ही वाढ पुरुषांपेक्षाही जास्त दिसते. आपण मधुमेहाला 'शुगर' म्हणतो, त्यामुळे सगळं लक्ष साखरेकडे जातं. डोळे, मूत्रपिंडं आणि पायांच्या नसा यांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी बरोबरही आहे. पण हृदयाच्या मोठ्या धमन्या साखर वाढायच्या कितीतरी आधीपासून बिघडत असतात. टाइप २ मधुमेहाचं निदान होतं त्या दिवशी इन्सुलिनला, म्हणजे साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला, दाद न देण्याची सवय शरीराला अनेक वर्षं लागलेली असते, आणि तेवढा काळ बीपी आणि रक्तातली चरबीही हळूहळू वर सरकत असते.

इथे चरबीच्या जागेचा मुद्दा येतो. चरबी साठवण्याची शरीराची योग्य जागा म्हणजे त्वचेखालचा थर: मांड्या, नितंब, दंड. हा थर घरातल्या माळ्यासारखा आहे. जास्तीचं सामान तिथे गेलं तर कुणाला त्रास होत नाही. माळा भरला की मात्र सामान जिन्यात, स्वयंपाकघरात, जायच्या-यायच्या वाटेत रचलं जातं. शरीरात ही जास्तीची चरबी यकृतात, इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडात, आतड्यांभोवती, स्नायूंमध्ये आणि हृदयाच्या आवरणाखालीसुद्धा जाऊन बसते. माळा कुणाचा मोठा, कुणाचा छोटा हे बरंचसं जन्मजात असतं. त्यामुळेच १२० किलोचा एखादा माणूस मधुमेहाशिवाय फिरत असतो आणि ६५ किलोच्या माणसाची शुगर तीनशेवर असते. ब्रिटिश संशोधक रॉय टेलर यांनी 'प्रत्येकाची चरबी पेलण्याची स्वतःची मर्यादा' ही कल्पना मांडली, ती हीच.

यकृतात चरबी साठली की ते इन्सुलिनचं ऐकत नाही. रात्रभर साखर तयार करून रक्तात सोडत राहतं, आणि तिच्याबरोबर चरबीचे कणही. रक्तातले ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबीचा एक प्रकार, वाढतात, 'चांगलं' कोलेस्टेरॉल म्हणून ओळखलं जाणारं एचडीएल घसरतं, आणि 'वाईट' एलडीएलचे कण आकाराने लहान पण संख्येने जास्त होतात. धमनीच्या भिंतीत शिरण्याची संधी कणांच्या संख्येबरोबर वाढते, आणि म्हणूनच मधुमेह्याचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट दिशाभूल करू शकतो.

एक रिपोर्ट घेऊ. एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल ३५, ट्रायग्लिसराइड २५०, एलडीएल १०५. पहिला आकडा दोनशेच्या आत, एलडीएल शंभराच्या जरासं वर. 'ठीक आहे की' असं म्हणून कागद फाइलीत जातो. आता एकूणातून एचडीएल वजा करा: १९० वजा ३५, म्हणजे १५५. धमनीत जाऊन बसू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल या आकड्यात येतं. मधुमेह असलेल्या आणि धोका जास्त असलेल्या माणसात हा आकडा शंभराच्या खाली हवा असतो. म्हणजे रिपोर्ट ठीक नाही, चांगलाच बिघडलेला आहे. ही वजाबाकी कुणालाही घरी करता येते, आणि माझ्या मते मधुमेह्याने वजनाइतक्याच उत्सुकतेने करावी.

पोटातली चरबी याशिवायही उद्योग करते. ती सतत दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवते, मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवायला लावते आणि त्यातून बीपी चढवते. मानेभोवती चरबी जास्त असेल तर झोपेत श्वास अडतो. रात्री घोरणं, मध्येच श्वास थांबून दचकणं, सकाळी डोकं जड होणं याला लोक थकवा म्हणून सोडून देतात, पण त्यानेही बीपी आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते.

मग मोजायचं काय? सगळीकडे चालतो तो बीएमआय, म्हणजे वजन भागिले उंचीचा वर्ग. या गणितामागे बेल्जियमचे आदोल्फ केटले हे एकोणिसाव्या शतकातले संख्याशास्त्रज्ञ आहेत. त्यांना माणसांच्या समूहाची सरासरी हवी होती, कुणा एकाचं हृदय तपासायचं नव्हतं. बीएमआयला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही, आणि चरबी कुठे आहे हे तर मुळीच कळत नाही. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन संशोधकांचा एक फोटो छापून आला होता: भारताचे चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातल्या चरबीचं प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के, दुपटीहून जास्त. दोघंही दिसायला सडपातळच. आशियाई वंशाच्या लोकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २५ ऐवजी २३ बीएमआयपासूनच सावध व्हायला सांगितलं, त्यामागे असंच निरीक्षण होतं.

कंबर याहून बरंच काही सांगते. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात हार्ट अटॅकशी बीएमआयपेक्षा कंबर आणि नितंबांच्या गुणोत्तराचा संबंध जास्त घट्ट निघाला. लक्षात ठेवायला सोपा नियम असा: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. उंची १६० सेंटिमीटर असेल तर कंबर ८० च्या आत. फक्त कंबर म्हणजे पँट बसते ती जागा नव्हे. बऱ्याच पुरुषांची पँट पोटाखाली सरकलेली असते आणि ते वर्षानुवर्षं 'माझी साइज चौतीसच आहे' म्हणून निवांत असतात. बाजूला हात लावून शेवटची बरगडी शोधायची, खाली कमरेच्या हाडाची वरची कड शोधायची, आणि दोन्हींच्या मधोमध टेप लावायची. टेप त्वचेवर टेकलेली हवी, रुतलेली नको. नेहमीसारखा श्वास सोडायचा आणि पोट आत न ओढता आकडा वाचायचा. पोट आत ओढायचा मोह आरशासमोर फार होतो, म्हणून आरशाकडे पाठ केलेली बरी.

आता एक गोंधळ निस्तरायला हवा. अधूनमधून बातमी येते की मधुमेह झालेली थोडी जाड माणसं बारीक माणसांपेक्षा जास्त जगतात. आकड्यांत तसं दिसलेलं आहे, खोटं नाही. २०१२ मधल्या एका अमेरिकी विश्लेषणात निदानाच्या वेळी वजन 'नॉर्मल' असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. पण 'नॉर्मल' वजनाच्या या गटात कोण कोण असतं ते पाहा. धूम्रपान करणारे असतात, कारण सिगारेट वजन खाली ठेवते. ज्यांना आतून दुसरा एखादा आजार पोखरतोय आणि म्हणून वजन घटलंय, असे असतात. ज्यांचे स्नायू फारच कमी आहेत, किंवा स्वादुपिंडच मुळात दुबळं आहे, असेही असतात. २०१४ मध्ये अकरा हजारांहून जास्त मधुमेह्यांच्या नोंदी तपासताना कधीच धूम्रपान न केलेल्यांना वेगळं काढलं, तेव्हा जाडीचा तो फायदा नाहीसा झाला. त्यांच्यात वजनाबरोबर धोका सरळ वाढत गेला. तेव्हा जाडपणा हृदयाला वाचवतो असं काही नाही. बारीक मधुमेह्याने 'मी तर बारीक आहे' म्हणून निर्धास्त राहू नये, एवढा अर्थ मात्र त्यातून जरूर काढावा. अशा माणसाच्या बीपी-कोलेस्टेरॉलकडे घरच्यांचंच नाही, कधीकधी डॉक्टरांचंही दुर्लक्ष होतं.

हृदयविकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हार्ट अटॅक येतो. वजनाचा सगळ्यात सरळ घाव मात्र दुसरीकडे बसतो: हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाची ताकद अपुरी पडणं. जास्त वजनाच्या शरीरात रक्ताचं आकारमान वाढतं, हृदयाला प्रत्येक मिनिटाला जास्त रक्त ढकलावं लागतं, भिंती जाड आणि ताठ होतात. मधुमेह त्यात भर घालतो. असं हृदय आकुंचन पावतं ठीक, पण सैल नीट होत नाही, त्यामुळे रक्त भरून घ्यायला कमी पडतं. इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर 'पंपिंग ६० टक्के, नॉर्मल' लिहिलेलं असतं आणि माणसाला एक जिना चढताना धाप लागते. 'वजनामुळे होतंय' म्हणून तो स्वतःच विषय संपवतो. त्यात आणखी एक मेख अशी की हार्ट फेल्युअर ओळखण्यासाठी करतात त्या बीएनपी या रक्तचाचणीचा आकडा जाड व्यक्तींमध्ये असायला हवा त्यापेक्षा कमी येतो. चाचणी नॉर्मल आली तरी धाप वाढतच असेल, रात्री उशा वाढवाव्या लागत असतील, घोट्यांवर दाबल्यावर खळगा राहत असेल, तर डॉक्टरांना पुन्हा सांगायला हवं. आणि दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं. हार्ट फेल्युअरचं निदान झालेल्याने अशा वेळी पुढच्या तपासणीची वाट न पाहता लगेच फोन करावा.

'लुक अहेड'मध्ये हार्ट अटॅक का कमी झाले नाहीत, याची कारणं आता लागतात. एक तर दोन्ही गटांना बीपी आणि कोलेस्टेरॉलची औषधं चांगली मिळत होती, किंबहुना नेहमीच्या सल्ल्याच्या गटात ती थोडी जास्तच वापरली गेली. म्हणजे व्यायाम-आहाराने एका गटाला जे मिळत होतं, त्यातलं बरंच दुसऱ्याला गोळ्यांनी मिळालं. दुसरं म्हणजे वजन परत चढलं. शेवटी दोन गटांत फरक उरला तो ६ टक्के आणि ३.५ टक्के एवढाच. नंतर केलेल्या विश्लेषणात, पहिल्याच वर्षी ज्यांनी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यात हृदयाच्या घटना, म्हणजे हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे, सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसल्या. हे विश्लेषण मागाहूनचं असल्याने त्यावर छातीठोक दावा करता येत नाही, पण दिशा कळते. ५ ते १० टक्के उतरलं की शुगर, बीपी, ट्रायग्लिसराइड सुधारतात. हृदयापर्यंत फरक पोचायला बहुधा त्याहून जास्त आणि टिकाऊ घट लागते. शिवाय त्याच प्रयोगात झोपेतला श्वास, गुडघेदुखी, मूत्रपिंडं आणि मनःस्थिती सुधारली, हे मथळ्यांत आलं नाही.

किलो आणि हृदय यांचं नातं सरळ नाही, हे औषधांवरून सगळ्यात स्वच्छ दिसतं. एम्पाग्लिफ्लोझिन हे लघवीवाटे साखर बाहेर टाकणारं औषध. त्याने वजन उतरतं ते दोन-तीन किलो. तरीही २०१५ मधल्या चाचणीत, आधीच हृदयविकार असलेल्या मधुमेह्यांमध्ये त्याने हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी आणि हार्ट फेल्युअरसाठी दाखल व्हायची वेळ ३५ टक्क्यांनी कमी केली. उलट टोकाला पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची गोळी. त्याने वजन वाढतं, पण ती चरबी यकृतातून निघून त्वचेखाली जाते, म्हणजे माळ्यावर, आणि यकृत सुधारतं. त्याच वेळी ते शरीरात पाणी साठवतं म्हणून हार्ट फेल्युअर असलेल्यांना देत नाहीत. सिगारेट सोडण्याचंही असंच आहे. सोडल्यावर वजन बहुधा वाढतं, तरी हृदयाचा फायदा त्या वाढीने पुसला जात नाही. 'वजन वाढेल म्हणून सोडत नाही' हा हिशेब साफ तोट्याचा आहे.

शुगर आणि वजन उतरवणाऱ्या ज्या इंजेक्शनांची सध्या हवा आहे त्यांच्याकडे, म्हणजे सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड वगैरेंकडे याच नजरेने पाहावं. लिराग्लुटाइडने २०१६ मध्ये मधुमेह्यांत हृदयाच्या मोठ्या घटना १३ टक्क्यांनी घटवल्या. सेमाग्लुटाइडच्या जास्त मात्रेची मोठी चाचणी २०२३ मध्ये आली. १७,६०४ लोक, वजन जास्त, हृदयविकार आधीपासून, पण मधुमेह नाही. तिथे घट २० टक्के. गंमत म्हणजे फायदा दिसायला लागला तो वजन पुरेसं उतरण्याआधीच, आणि ज्यांचं वजन फारसं हललं नाही त्यांनाही तो मिळाला. म्हणजे ही औषधं वजनाच्या वाटेने काम करतात आणि इतर वाटांनीही. दोन गोष्टी मात्र आधीच ठाऊक असलेल्या बऱ्या. बंद केली की उतरलेल्या वजनाचा मोठा भाग साधारण वर्षभरात परत येतो. आणि उतरलेल्या किलोंत चरबीबरोबर स्नायूही असतात, त्यामुळे ताकदीचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिनं हे उपचारातच धरायला हवेत.

वजन भरपूर उतरवलं तर मधुमेह मागे हटू शकतो, हे ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीने २०१७ मध्ये दाखवलं. दिवसाला साधारण ८५० कॅलरींचा आहार, तीन ते पाच महिने, देखरेखीखाली. एका वर्षानंतर त्या गटातल्या ४६ टक्के लोकांची शुगर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती, आणि १५ किलो किंवा जास्त उतरवणाऱ्यांत तर ८६ टक्क्यांची. दुसऱ्या वर्षी एकूण प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. हे सगळे निदान होऊन सहा वर्षांच्या आतले, इन्सुलिनवर नसलेले लोक होते. वीस वर्षं जुन्या मधुमेहाकडून तीच अपेक्षा धरणं रास्त नाही.

या साऱ्या गोष्टींमध्ये मला सगळ्यात बोलका वाटतो तो डेन्मार्कचा 'स्टेनो-२' हा छोटासा अभ्यास. फक्त १६० लोक, सगळे टाइप २ मधुमेही, मूत्रपिंडांवर परिणाम सुरू झालेले. निम्म्यांवर एकाच वेळी सगळ्या बाजूंनी उपचार केले: शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, अ‍ॅस्पिरिन, आहार, व्यायाम, धूम्रपान. हृदयविकाराचं प्रमाण निम्म्यावर आलं, आणि २१ वर्षांनी हिशेब केला तेव्हा त्या गटाचं आयुष्य सुमारे ८ वर्षांनी जास्त निघालं. त्यांचं वजन काही लक्षणीय उतरलं नव्हतं.

म्हणून वजन तीन महिने हलत नसेल तेव्हा 'माझ्याने काही होत नाही' असं म्हणून बाकीचंही सोडून देणं हे खरं नुकसान. बीपी १३०/८० च्या खाली, एलडीएल ७० च्या खाली, आणि हृदयविकार झालेला असेल तर बऱ्याचदा ५५ च्या, रोजचं चालणं, तंबाखू बंद, हे काट्याची परवानगी न घेता जमतं. चालण्याने वजन उतरलं नाही तरी यकृतातली चरबी घटते आणि स्नायू साखर ओढू लागतात.

आणि वजन आपोआप उतरत असेल तर खूश होऊ नये. खाणं तेच, तहान आणि लघवी वाढलेली, आणि किलो झरझर जाताहेत, तर शुगर हाताबाहेर गेल्याचं ते लक्षण असतं. कधी मागे दुसरा आजारही असतो. सत्तरीपुढे तर ताकद टिकवणं हे किलो घटवण्यापेक्षा वरचं काम. खुर्चीच्या हाताला न धरता उठता येतं का, हे पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

ठरवून वजन उतरवताना इन्सुलिन, ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या गोळ्या आणि बीपीची औषधं यांचे डोस वेळेवर कमी करावे लागतात, नाहीतर शुगर एकदम खाली जाते किंवा उभं राहताना चक्कर येते. त्यामुळे डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगून ठेवावं. कोलेस्टेरॉलच्या गोळीला मात्र हा न्याय लागू नाही. वजन उतरलं, शुगर नॉर्मल आली, म्हणून लोक ती परस्पर बंद करतात. धमनीच्या भिंतीत गेल्या पंधरा-वीस वर्षांत साचलेला थर वजन उतरलं म्हणून कुठे जात नाही. तो वाढू किंवा फुटू न देण्याचं काम ती गोळी करत असते, आणि ती थांबवायची की नाही हे साखरेच्या आकड्यावरून ठरत नाही.